नोकरी लागल्यानंतर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आताच या व्यासपीठावर दहावी, बारावी व पदवी परीक्षांत उत्तम यश मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव झाला. प्रत्येक नाव पुकारले गेले तेव्हा आपण मनापासून टाळ्या वाजविल्या, आणि त्यांत आम्हीही सामील होतो. परंतु आज आम्हांस जे बोलावयाचे आहे ते या मुलांविषयी नाही. त्यांच्यामागे त्यांचे शिक्षक आहेत, आईवडील आहेत, आणि शिष्यवृत्तीच्या रूपाने आपले मंडळही आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांविषयी, काकामामांविषयी. म्हणजे तीस ते पंचावन्न वयाच्या त्या मिळवत्या मंडळींविषयी, ज्यांची नावे या व्यासपीठावरून पुन्हा कधी पुकारली जात नाहीत.

आपल्या घराघरांतून एक समज रूढ आहे. मुलास नोकरी लागली की पेढे वाटावयाचे, देवापुढे नारळ फोडावयाचा, आणि त्याच्या शिक्षणाचा अध्याय संपला असे धरून चालावयाचे. पुढे प्रश्न उरतो तो लग्नाचा आणि जागेचा. मराठी भाषेत नोकरी 'लागते' आणि झोपही 'लागते'. पुष्कळांच्या बाबतीत ही दोन्ही एकदमच लागतात, आणि जाग येते ती एखाद्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली म्हणजे! हा केवळ विनोद नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा उभे आयुष्य एका मागावर काढलेल्या माणसांस दुसरे काय येते, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. त्या घरांपैकी काही आपलीही होती.

आपण मूळचे शिंपी. आज आपल्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी संगणकाच्या कंपनीत; कात्री हातात धरणारी घरे थोडी उरली. तथापि त्या धंद्यातील एक शहाणपण आपण बरोबर आणावयास हवे होते, ते मात्र दुकानातच राहून गेले असे आम्हांस वाटते. वाढत्या अंगाच्या मुलाचा सदरा बेतताना आपले वडीलधारे शिवणीच्या आत जादा कापड राखून ठेवीत. त्यास आपण 'माया' म्हणतो. सदरा बाहेरून दिसावयास मापातच असे. परंतु वर्षाने मूल वाढले की शिवण उसवून तोच सदरा सैल करता येई. माया न ठेवता शिवलेला सदरा पहिल्या दिवशी कदाचित अधिक बेताचा दिसतो. पण अंग वाढले की तो काखेत फाटतो. नोकरीचेही तसेच आहे. आज अंगाला अचूक बसणारी नोकरी दहा वर्षांनी बसेलच असे नाही, कारण या अवधीत आपणही बदलतो आणि कामही बदलते. म्हणून नोकरी करीत असतानाच तिच्या शिवणीत थोडी माया ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे. (नोकरीत 'माया जमविणे' हा वाक्प्रचार निराळ्या अर्थाचा आहे, आणि त्याविषयी आम्ही सल्ला देत नाही!)

काम किती वेगाने बदलते याचे एक उदाहरण घ्या. १९५५ साली गोदरेजच्या कारखान्यात पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार झाले. ज्यास टंकलेखन येते त्यास नोकरीची ददात नाही, असे त्या काळी म्हणत, आणि ते खरेही होते. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या यंत्रांचे उत्पादन थांबले. म्हणजे त्या यंत्राचे आयुष्य एका माणसाच्या नोकरीहून थोडेसेच अधिक निघाले. हल्लीच्या साधनांस तर तेवढेही आयुष्य नाही. आज पत्रांचे मसुदे आणि हिशेबांची जुळणी संगणक स्वतःच करू लागला आहे; कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव आता आपल्या घरांतील मुलांच्याही तोंडी असते. एका माणसाच्या एका नोकरीत आता साधने दोनदा-तीनदा पालटतील, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

बंधुभगिनींनो, हा विषय आम्ही आज का निवडला, याचे खरे कारण आता सांगितले पाहिजे. ते आम्हांस भूषणावह नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही या मंडळाच्या शिक्षणनिधीचे चिटणीस होतो. एके दिवशी एक ज्ञातिबंधू आमच्याकडे अर्ज घेऊन आले. ते एका छापखान्यात जुळारी होते. त्या वेळी त्यांचे वय अडतीस होते. देवनागरीची जुळणी हे सोपे काम नव्हे. तिला शेकडो निरनिराळे खिळे लागत, आणि कोणता खिळा कोणत्या घरात आहे हे न पाहता बोटांस ठाऊक असावे लागे. हे गृहस्थ उलटी अक्षरे आपल्याहून लवकर वाचीत. शुद्धलेखन असे पक्के, की मुद्रिते तपासणारे पदवीधरसुद्धा अडले तर त्यांस विचारीत. त्यांच्या छापखान्याच्या मालकांनी संगणकावर अक्षरजुळणी करण्याचे बोलणे सुरू केले होते. गावात संध्याकाळचा एक वर्ग निघाला होता. त्याचे शुल्क भरण्यापुरते कर्ज निधीतून मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती.

आम्ही नियमावली उघडली. निधीचा लाभ पंचवीस वर्षांच्या आतील विद्यार्थ्यांस, असे तीत स्वच्छ लिहिले होते. आम्ही दोन ओळींचे उत्तर दिले : विनंती नियमात बसत नाही. ते उत्तर हाती देताना आम्ही आणखी एक वाक्य तोंडाने बोललो, आणि ते आज आम्हांस अधिक बोचते. आम्ही म्हणालो, "आता या वयात कशाला ही यातायात? इतकी वर्षे गेली तशी उरलेलीही जातील." त्यांनी नमस्कार केला आणि ते गेले. पुन्हा त्यांनी अर्ज केला नाही.

उरलेली वर्षे तशी गेली नाहीत. दोन वर्षांच्या आत त्या छापखान्यातील खिळे वजनावर विकले गेले. त्यांच्या शेजारच्या केसवर काम करणारा एक तरुण, जो त्यांच्याकडूनच जुळणी शिकला होता, उसनवारी करून त्या संध्याकाळच्या वर्गास गेला होता. तो पुढे पाने लावण्याच्या कामात नावाजला. आमचे हे बंधू एका गृहनिर्माण संस्थेत रखवालदार झाले. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही हे आम्ही जाणतो. परंतु मराठी भाषेची इतकी जाण असलेला माणूस फाटकावरील वहीत मोटारींचे क्रमांक लिहीत बसला, आणि तो तेथे बसण्यात आमच्या दोन ओळींचाही हात होता, हे विसरता येत नाही. ते दरवर्षी या संमेलनास येत, आम्हांस आदराने भेटत, आणि त्या अर्जाचा एका शब्दानेही उल्लेख करीत नसत. आज ते हयात नाहीत. काही वर्षांपूर्वी जुन्या हिशेबवह्या चाळीत असता आमच्या ध्यानात आले, की त्या वर्षीच्या समारंभातील हारतुऱ्यांचा खर्च त्यांच्या वर्गाच्या शुल्काहून अधिक होता.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. त्या गृहस्थांची विद्या कोठे होती? ती बोटांत आहे असे त्यांच्या मालकांस वाटले, आणि आम्हांसही वाटले. वस्तुतः ती त्यांच्या डोळ्यांत व बुद्धीत होती : ओळ कोठे तोडावी, शब्द कसा लिहावा, पान डोळ्यांस कसे सुखवावे. खिळे गेले तरी ही विद्या गेली नव्हती. तिला नवे साधन तेवढे हवे होते. म्हणून प्रत्येक मिळवत्या माणसाने स्वतःस हा प्रश्न विचारावा, की माझ्या कामातील साधन कोणते आणि विद्या कोणती? साधन जाणार हे धरून चालावे, आणि विद्येस नवे साधन वेळीच जोडून द्यावे. बँकेतील कारकुनाचे साधन खातेवही होते, मग संगणक झाला; त्याची विद्या मात्र माणूस व व्यवहार पारखण्याची आहे. शिंप्याचे साधन यंत्र आहे. विद्या बेतण्याची आहे.

आणि "या वयात कशाला" हा प्रश्न तर आपल्या ज्ञातीत निघावयासच नको होता. आपण श्रीनामदेवमहाराजांचे नाव सांगणारे लोक. गोरोबाकाकांनी संतमंडळींची मडकी थापटून पारखल्याची कथा आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकली आहे. विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून ज्यांची कीर्ती झाली होती, त्या नामदेवांस तेथे कच्चे मडके ठरविण्यात आले. त्यांस वाईट वाटले. परंतु ते रुसून घरी बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांनी शिष्यत्व पत्करले. पुढे ते पंजाबपर्यंत गेले आणि त्यांच्या रचना शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाल्या. कीर्ती झाल्यावरही शिकावयास बसण्याचे धैर्य, हा आपल्या घरचा वारसा आहे. आज चाळिशीच्या गृहस्थास पंचवीस वर्षांच्या सहकाऱ्याकडून संगणकाची एखादी रीत शिकताना संकोच वाटत असेल, तर त्याने ही कथा आठवावी.

मिळवत्या माणसाने शिकावे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ साली शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने कमवा व शिका हे सूत्र खेडोपाडी पोहोचविले. १९८९ साली यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिक येथील या विद्यापीठाने नोकरी न सोडता पदवी घेण्याची वाट उघडली. आयटीआय झालेल्यास ठरावीक अटींवर पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. बँकेतील मंडळींसाठी जेएआयआयबी व सीएआयआयबी या परीक्षा आहेत. वाटा पुष्कळ आहेत. उणीव आहे ती घरातून आणि ज्ञातीतून मिळणाऱ्या उत्तेजनाची.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आम्ही विद्वान नाही. परंतु चाळीस वर्षे नोकरी केली, आणि ज्ञातीतील अनेक घरांची सुखदुःखे जवळून पाहिली. त्यांतून जे उमगले तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, कामाची वही ठेवा. दर महिन्याच्या अखेरीस चार ओळी लिहाव्या : या महिन्यात कोणते काम केले, कोणते नवे शिकलो, कोणती अडचण कशी सोडविली, त्याने किती वेळ अगर पैसा वाचला. आपली माणसे कष्टाळू आहेत, पण बढतीच्या मुलाखतीत "तुम्ही काय केले?" असे विचारले की गप्प बसतात, स्वतःविषयी बोलणे त्यांस आत्मस्तुती वाटते. वहीतील आकडा वाचून दाखविणे ही आत्मस्तुती नव्हे, तो हिशेब आहे. शिवाय सलग सहा महिने 'नवे शिकलो' या सदरात काहीच लिहिता आले नाही, तर वहीच आपणांस सावध करील.

दुसरी, शेजारच्या टेबलाचे काम समजून घ्या. आपल्या हातून गेलेला कागद पुढे कोठे जातो आणि त्याचे काय होते, हे ज्यास ठाऊक असते तोच पुढे दहा जणांचे काम पाहण्यास योग्य ठरतो. यास शुल्क पडत नाही. जेवणाच्या सुटीतील दहा मिनिटे पुरतात.

तिसरी गोष्ट बदलीची. बढती घेतली तर परगावी जावे लागेल, या भीतीने बढती नाकारलेली निदान वीस माणसे या सभागृहातच असतील. त्यांस आम्ही दोष देत नाही. अंथरुणास खिळलेली आई असते, मुलाचे दहावीचे वर्ष असते. अशा वेळी नाकारणे हेच योग्य असू शकते. परंतु तो निर्णय असावा, सवय होऊ नये. नाकारण्यापूर्वी पतिपत्नींनी कागद घेऊन बसावे. पगारातील फरक, दोन बिऱ्हाडांचा खर्च, परत येण्याची शक्यता, आणि न गेल्यास दहा वर्षांनी आपण कोठे असू, हे सारे मांडावे. पुष्कळदा असे दिसते की अडचण तीन वर्षांची असते, आणि तिच्या भयाने नुकसान मात्र वीस वर्षांचे होते.

चौथी, नोकरी बदलताना रागाने बदलू नका, आणि बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून खाऊ नका. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास किमान दहा वर्षांची सेवा लागते. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलून प्रत्येक वेळी सर्व रक्कम उचलणाऱ्याची सेवा पुनः पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते, आणि उतारवयात हाती काही राहत नाही. २०१४ पासून प्रत्येक सभासदास बारा आकडी कायम क्रमांक मिळतो. त्या एका क्रमांकाखाली जुने खाते नव्या नोकरीकडे वळविता येते. आपल्या तरुणांनी हे आजच्या आज तपासून पाहावे. त्याखेरीज निदान चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम निराळी ठेवावी. ही शिल्लक ज्याच्यापाशी आहे तोच अन्यायाच्या नोकरीस नमस्कार करू शकतो. इतरांस मान खाली घालूनच राहावे लागते.

भगिनींविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. ज्या घरांत यंत्र अजून चालते, तेथे ते बहुधा स्त्रियांच्याच पायांखाली चालते. ब्लाऊज, फॉल-पिको, मुलांचे कपडे शिवून त्यांनी घरे सावरली, मुलांची शुल्के भरली, आणि तरीही "आई काय करते?" असे विचारल्यास मुले "काही नाही, घरीच असते" असे सांगतात! वीस वर्षे बिनचूक बेतणाऱ्या बाईस अनुभव नाही असे कोण म्हणेल? तिच्यापाशी कागद नाही, एवढेच. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीपासून अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, साधनांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. एका घरातील एकाच व्यक्तीस तिचा लाभ मिळतो. त्या व्यक्तीचे नाव ठरविताना घरात यंत्र खरोखर कोण चालविते, याचा प्रामाणिकपणे विचार व्हावा. एकेक ब्लाऊज शिवणाऱ्या चारजणी एकत्र येऊन शाळेच्या गणवेशाचे काम घेऊ लागल्या, तर तीही बढतीच होय.

शेवटी आम्ही मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. शिक्षणनिधीच्या नियमावलीतील वयाची मर्यादा काढून टाकावी, आणि नोकरी करता करता शिकणाऱ्या सभासदास शुल्कापुरते बिनव्याजी कर्ज द्यावे. पुढील वर्षापासून या गुणगौरवात नोकरी अगर संसार सांभाळून कोणतीही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तिशीपुढील स्त्रीपुरुषांचाही सत्कार व्हावा. मुलांस आपल्या आईचे नाव व्यासपीठावरून पुकारलेले ऐकू द्यावे. आणि या स्मरणिकेत आपण ज्याप्रमाणे विवाहेच्छूंची सूची छापतो, त्याचप्रमाणे आपल्या कामाविषयी ज्ञातीतील इतरांस चार गोष्टी सांगावयास तयार असलेल्या अनुभवी सभासदांची व्यवसायवार सूचीही करावी. स्थळ पाहताना आपण दहा घरे चौकशी करतो; नोकरी बदलताना एकासही विचारीत नाही, हे बरे नव्हे.

पहिल्या सूचनेचा ठराव आम्ही लेखी आणला आहे, आणि सभा संपताच तो अध्यक्षमहाराजांच्या हाती देत आहोत. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही लिहिलेल्या दोन ओळी आता पुसता येत नाहीत. परंतु ज्या नियमाच्या आधाराने त्या लिहिल्या, तो नियम आपणांस आजही पुसता येईल. तो पुसला जावा, आणि अडतीस वर्षांचा एखादा बंधू अगर पन्नास वर्षांची एखादी भगिनी अर्ज घेऊन आली तर त्या वेळच्या चिटणीसाने "या वयात कशाला?" असे न म्हणता "बसा, वर्ग कधी सुरू होतो?" असे विचारावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.